सात नंबरची हजेरी

१

साडेदहाची घंटा झाली की मंदाबाई बिऱ्हाडे सात नंबरच्या खोलीचं कुलूप काढायच्या. चपला दाराबाहेर ठेवायच्या, खिडकीची एक झडप उघडायच्या आणि दुसरी तशीच बंद राहू द्यायच्या. कॉलेजच्या कुंपणापलीकडे एका व्यापाऱ्याच्या मिरच्या वाळत घातलेल्या असत. वारा फिरला की दोंडाईच्याच्या त्या मिरच्यांचा ठसका थेट घशात उतरायचा. मग संगणकावरचं फुलाफुलांचं कापड काढून त्याची चौकोनी घडी करायची. ते कापड त्यांनी स्वतः घरी शिवलं होतं.

कॉलेजात ई-मेल आला तो अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर. विद्यापीठाकडून पत्र आलं होतं, की यापुढे परिपत्रकं ई-मेलनेही येतील आणि प्रत्येक कॉलेजने आपला पत्ता कळवावा. प्राचार्य भाईदास देसले यांना टेलिफोनवर बोलतानासुद्धा उभं राहायची सवय. ते त्या यंत्राच्या वाटेला जाणं शक्यच नव्हतं. भौतिकशास्त्राच्या महाजन सरांनी जोडणी करून दिली, पण तास सोडून रोज तिथे बसणार कोण? ऑफिसातल्या तिघांनी हात वर केले. उरल्या मंदाबाई. बावीस वर्षांच्या टायपिस्ट. कळफलक तोच, बोटं तीच. आठ दिवसांत त्या शिकल्या.

आणि शिकल्यावर त्यांना ते काम मनापासून आवडलं. घरी नवरा, एसटीतले आधार बिऱ्हाडे, विचारायचे, "काय म्हणतं तुमचं यंत्र?" त्यावर बाई रोज काहीतरी नवीन सांगायच्या. धुळ्याचा नंबर फिरवला की मोडेम कसा आधी मालगाडीचे डबे जोडल्यासारखा धडधडतो, मग रातकिड्यासारखा किरकिरतो, मग सुपात धान्य पाखडावं तसा सळसळतो आणि एकदम गप्प होतो. गप्प झाला की समजायचं, लागलं. त्या शांततेनंतर पत्रं उतरायची. कधी विद्यापीठाचं परिपत्रक, कधी फैजपूरच्या कॉलेजकडून चर्चासत्राचं निमंत्रण. एकदा तर मस्कतला नोकरीला गेलेल्या जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं, बाईंचं नाव घेऊन खुशाली विचारणारं. प्रत्येक पत्र त्या छापायच्या, आवक रजिस्टरमध्ये नंबर टाकायच्या, शिक्का मारून प्राचार्यांकडे पाठवायच्या. आलेलं पत्र नोंदवायचंच, हा त्यांचा नेम होता. कागदावर आलं काय आणि तारेतून आलं काय.

२

डिसेंबरातल्या एका मंगळवारी दोन पत्रं उतरली. एक परीक्षा विभागाचं. दुसरं कॉलेजच्याच पत्त्यावरून कॉलेजच्याच पत्त्यावर आलेलं. विषय होता 'हजेरी'. आत इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं, एकच ओळ.

खोली सात. हजर: एक.

बाईंना वाटलं, महाजन सर काहीतरी तपासून बघत असतील. त्यांनी पत्र छापलं आणि नोंदवलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी शिपाई पुनाभाऊ टपाल घेऊन आले आणि पाय दुखत होते म्हणून खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले. मोडेम किरकिरला, सळसळला, गप्प झाला. पत्र उतरलं. खोली सात. हजर: दोन.

मंदाबाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पुनाभाऊ निवृत्तीला आलेला माणूस. टोपी मागे सारून ते म्हणाले, "ते माले भी मोजस का?"

"मोजलंय ना."

"मंग बरं शे," म्हणत ते उठून गेले.

बाई महाजन सरांकडे गेल्या. सर प्रयोगशाळेत एकटेच होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "मी नाही हो, बाई. मला तेवढा वेळ कुठाय?" मग खोलीत येऊन त्यांनी पत्र नीट पाहिलं आणि हसणं थांबवलं. "हे आपल्याच खात्यातून गेलंय. पासवर्ड फक्त आपल्या दोघांना माहीत."

"मग?"

"मग कोणीतरी तो चोरलाय. मुलांचा उद्योग असेल." त्यांनी लगेच पासवर्ड बदलला, चिठ्ठीवर लिहिला, बाईंना वाचून दाखवला आणि चिठ्ठी फाडून टाकली.

दुसऱ्या दिवशी अकराला पत्र आलं. हजर: एक.

३

मंदाबाई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या पाच वर्षांच्या असताना वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव तापीत सोडले. त्या दिवशी वडील म्हणाले होते, देव गेले तसं देवाबरोबर येणारं बाकीचं सगळंही गेलं. आता जे दिसेल त्याचं कारण शोधायचं. बाईंनी जन्मभर कारणं शोधली होती. याचंही शोधायचं त्यांनी ठरवलं.

खिडकीतून कोणी बघत असेल, म्हणून त्यांनी दोन्ही झडपा लावल्या. आकडा बरोबर आला. दाराला आतून कडी घातली. बरोबर आला. एकदा पुनाभाऊंना त्यांनी उंबऱ्यावर उभं केलं, एक पाय आत, एक बाहेर. त्या दिवशी आकडा आला एक. पुनाभाऊ हिरमुसले. एका शनिवारी स्नेहसंमेलनाच्या तयारीचं निमित्त करून बाईंनी चार प्राध्यापिकांना आणि झाडणाऱ्या कमलबाईंना खोलीत बोलावलं, चिवडा दिला आणि बोलता बोलता नंबर फिरवला. हजर: सहा.

भिंतीवर पाल होती, ती मोजली गेली नव्हती. कोपऱ्यात मांजर झोपलेलं असायचं, तेही कधी मोजलं गेलं नाही.

कारण काही सापडलं नाही. पण एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली आणि ती त्यांनी आधारभाऊंनाही सांगितली नाही. त्यांना ते पत्र आवडायला लागलं होतं. बावीस वर्षं त्या याच इमारतीत होत्या. प्राचार्य बदलले, लिपिक बदलले, टायपायचं पत्र ठेवायला येणारे हात बदलले. बाई आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी बघत नव्हतं. इथे कोणीतरी रोज सकाळी बघत होतं आणि म्हणत होतं, हजर. चुकत नव्हतं. सकाळी साडी निवडताना त्या हल्ली जरा थांबायच्या.

४

जानेवारीच्या अखेरीस, थंडी ओसरताना, एका गुरुवारी त्या एकट्याच होत्या. मोडेम गप्प झाला. पत्र उतरायला थोडा वेळ लागला.

खोली सात. हजर: दोन.

बाईंनी वळून दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. त्या उठल्या, दार उघडून व्हरांड्यात पाहिलं. तास चालू होते, व्हरांडा रिकामा होता. परत येऊन त्यांनी टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, कपाट उघडून त्यातल्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेसुद्धा हलवून पाहिले. आपण काय शोधतोय हे त्यांचं त्यांना सांगता आलं नसतं. मोजणारा चुकला, इतकंच. माणूस चुकतो, यंत्रही चुकेल. त्या परत खुर्चीत बसल्या.

तेव्हा मागे खिडकीपाशी वेत करकरला.

वेताच्या खुर्चीतून कोणी उठलं की ती थोडा वेळ कुरकुरते. हा आवाज तसा नव्हता. बसताना वजन पडतं, तेव्हा एकदाच होतो तो आवाज होता. मंदाबाई संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या. मान वळवायची नाही असं त्यांनी ठरवलं नव्हतं. मान वळली नाही, एवढंच. मिरचीचा ठसका आला. त्यांना खोकला आवरेना. खोकून झाल्यावर त्यांनी पाहिलं तर खुर्ची रिकामी होती, तिच्यावर ऊन पडलं होतं.

त्यांनी पत्र छापलं, नंबर टाकला, शिक्का मारला. शिक्का सरळ उठला.

त्यानंतर रोज दोन. पहिला आठवडा बाईंनी धास्तीत काढला. दार सताड उघडं ठेवलं. पुनाभाऊंना काही ना काही निमित्तानं थांबवून घेतलं, तेव्हा आकडा तीन यायचा. दुसऱ्या आठवड्यात मात्र त्यांना जाणवलं, की वेत करकरला की आपले खांदे सैल पडतात. सून स्वयंपाकघरात वावरत असली की सासूला आधार वाटतो ना, पाठ असली तरी? तसं काहीसं. जे कोणी होतं ते काही मागत नव्हतं, काही हलवत नव्हतं. काम बघत बसत होतं. एकदा परिपत्रक टाइप करताना बाई अर्धवट स्वतःशी म्हणाल्या, "अनुच्छेद चार की पाच?" आणि उत्तराची वाट बघत बसल्या. उत्तर आलं नाही, पण वाट बघताना त्यांना विचित्र वाटलं नाही, हेच नंतर त्यांना विचित्र वाटलं.

५

आवक रजिस्टर दर तिमाहीला प्राचार्यांच्या सहीला जायचं. मार्चात गेलं आणि देसले सरांनी बाईंना बोलावून घेतलं.

"हे काय, बाई? हजेरी, हजेरी, हजेरी. दोन पानं भरली याच्यानं."

"आलेलं पत्र नोंदवलं, सर."

"कोणाचं पत्र?"

बाईंनी जसं होतं तसं सांगितलं. वेताच्या खुर्चीचं तेवढं सांगितलं नाही. देसले सर रागावले नाहीत. ते महाजन सरांना घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः सातमध्ये आले. बाई आपल्या जागी, महाजन सर टेबलाला टेकून, प्राचार्य सवयीप्रमाणे उभे. तिघांनी मोडेमचा आवाज शेवटपर्यंत ऐकून घेतला.

हजर: चार.

देसले सर मोकळेपणानं हसले. "बघा, गणितही येत नाही त्याला. चावट पोरांचं काम. महाजन, हे खातं बंद करा, नवीन काढा. आणि यंत्र वर ग्रंथालयाशेजारी हलवा, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष राहील. ही खोली जुन्या सामानाला होईल."

असं म्हणून ते निघाले. खिडकीजवळच्या वाटेनं जाणं सोपं होतं. पण वेताच्या खुर्चीपाशी येताच हसता हसता ते थांबले, आणि बसलेल्या माणसाच्या पायांना धक्का लागू नये म्हणून जावं, तसे खुर्चीला लांबून वळसा घालून दाराकडे गेले. त्यांचं त्यांना ते कळलं नसावं. मंदाबाईंना कळलं.

एप्रिलात यंत्र वर गेलं, सातमध्ये जुनं सामान भरून कुलूप लागलं. वरची खोली चांगली होती. पंखा होता, उजेड होता, मिरचीचा वास तिथवर पोचत नव्हता. सातची किल्ली बाईंच्याच जुडग्यात राहिली, कारण ती परत मागायचं कोणाला सुचलं नाही. नव्या खात्यावर पहिले पंधरा दिवस फक्त कामाची पत्रं आली. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. आधारभाऊ म्हणाले, "हल्ली यंत्राचं काही सांगत नाही तुम्ही." त्या म्हणाल्या, "सांगण्यासारखं काही नसतं."

सोळाव्या दिवशी जुन्या पत्त्यावरून पत्र आलं. या वेळी ओळी दोन होत्या.

खोली सात. हजर: एक.
गैरहजर: एक.

महाजन सरांनी बंद झालेल्या खात्याचा कागदच आणून दाखवला. "तिथून काही येऊच शकत नाही," ते म्हणाले, आणि आलेल्या पत्राकडे बघत उभे राहिले.

गैरहजर कोण ते बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. दिवसभर त्यांना अपराधी वाटत राहिलं. कोणाला तरी बसवून ठेवून आपण निघून आलो, नीट सांगितलंसुद्धा नाही. दुपारी जेवणाचा डबा घेऊन त्या खाली गेल्या, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, सातचं कुलूप लांबून पाहिलं आणि परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी तेच पत्र, तिसऱ्या दिवशी तेच. बाई त्या वाटेनं पुन्हा गेल्या नाहीत. भीती होतीच, पण वेगळी. आत गेलो तर उठून यावंसं वाटणार नाही, अशी.

६

परीक्षा संपल्या. कॉलेज ओस पडलं. मे महिन्यातल्या एका सोमवारी, दुपारी बाराच्या सुमारास, बाईंनी वरच्या खोलीत नंबर फिरवला. एकच पत्र उतरलं.

खोली सात. हजर: दोन.
गैरहजर: शून्य.

बाईंनी ते दोनदा वाचलं. आपण वर आहोत, हे पक्कं करण्यासाठी त्यांनी पंख्याकडे पाहिलं, ग्रंथालयाच्या जाळीच्या दाराकडे पाहिलं. मग जुडगा घेऊन त्या उठल्या. खिडकीतून कोणी आत शिरलं असेल. तेवढंच बघायचं.

खालचा व्हरांडा तापला होता. सातच्या दाराला कुलूप होतं. बाईंनी ते ओढून पाहिलं, घट्ट होतं. आत कोणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते. परिपत्रक वाचून दाखवताना लागतो तसा सपाट सूर, मध्ये थांबणं, मग बारीक हसणं. हसण्याचा आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते पटकन आठवेना.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. मंदाबाईंनी तिला डोळा लावला.

जुनी बाकडी, फुटका फळा, गठ्ठे. मध्ये जागा करून दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या, दाराकडे पाठ. खिडकीकडची वेताची. त्या बाजूनं ऊन इतकं होतं की नुसता उजेडच बसल्यासारखा वाटत होता; त्यात खांद्याची एक कड होती, किंवा नसेल. पण दुसरी खुर्ची सावलीत होती. तिच्यात एक बाई बसली होती. मोतिया रंगाची साडी, मानेवर अंबाडा, अंबाड्याच्या डाव्या बाजूला पांढऱ्या केसांची बट. ती शेजारी कलून ऐकत होती. मांडीवर फुलाफुलांच्या कापडाची घडी होती.

मंदाबाईंनी खाली आपल्या पदराकडे पाहिलं. मोतिया.

पुन्हा डोळा लावला तेव्हा आतलं बोलणं थांबलं होतं. बसलेली बाई सावकाश मान वळवत होती. घाबरून नव्हे, घरात कोणी हाक मारली की वळतो तशी. गालाची कड दिसली, कानातली कुडी दिसली. त्यापुढचं बघायला मंदाबाई थांबल्या नाहीत.

वर येऊन त्या बसल्या. पाणी प्यायल्या. विद्यापीठाला एक उत्तर पाठवायचं होतं, ते टाइप केलं, एकही चूक न करता पाठवलं. तासाभरानं पुनाभाऊ रिकामा ट्रे घेऊन जिन्यानं वर आले आणि त्यांना बघून दारातच थबकले.

"बाई, आत्ते ते तुम्ही खाले सातमा बठेल व्हतात."

"मी?"

"तुम्हीच ना. तुम्हीच सांगं, दोन कप चहा आना. मी देईसन उनू."

मंदाबाईंचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला. सातची किल्ली जागेवर होती. "कुलूप होतं ना दाराला?"

"उघडंच व्हतं."

"आणि दुसरं कोण होतं?"

पुनाभाऊंनी आठवून पाहिलं. "दखं नही मी. तठे ऊन व्हतं." मग त्यांचा चेहरा सैल झाला. "पन तुम्ही इतल्या खुशाल दिसन्यात, बाई. इतला वरीसमा तुम्हले असं हासतांना दखं नही मी."

ग्रंथालयाचं घड्याळ टिकटिकत होतं. आपल्याला भीती वाटतेय, हे मंदाबाईंना कळत होतं. तिच्या शेजारी आणखी काहीतरी होतं. लेक चांगल्या घरी पडली की आईला वाटतं ना, तसलं काहीतरी.

त्यांनी जुडग्यातून सातची किल्ली सोडवली आणि पुनाभाऊंच्या हातावर ठेवली.

"ही तुमच्याकडेच असू द्या, पुनाभाऊ. बाराला चहा देत जा तिथं. दोन कप."

"आन तुम्हले?"

"मला वर एक," मंदाबाई म्हणाल्या, आणि आलेलं पत्र नोंदवायला रजिस्टर उघडलं.